तीन वेळा ‘नॉर्मल आहे’ : हेलिक्स पिअर्सिंगच्या एका तक्रारीचा अभ्यास

पार्श्वभूमी

आमच्या दुकानात टॅटू आणि पिअर्सिंग दोन्ही होतं. टॅटू मी काढते. पिअर्सिंग एक अनुभवी सहकारी करतो. अपॉइंटमेंट, पैसे आणि ग्राहकांचे मेसेज काउंटरवरचा एक तरुण मुलगा सांभाळतो. खाली लिहिलेलं प्रकरण ज्या मुलीचं आहे तिने ते वाचलं आहे आणि लिहायला परवानगी दिली आहे. तिची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत.

ती पंचविशीतली. पहिल्यांदा माझ्याकडे आली ती मनगटावर छोटा टॅटू काढून घ्यायला. तो छान बरा झाला. पहिल्या आठवड्यात त्वचा सोलली, दुसऱ्यात खाज सुटली, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी हात अगदी गुळगुळीत. आम्ही दिलेल्या कागदावर जे लिहिलं होतं ते तिने तंतोतंत पाळलं: हलक्या साबणाने धुवा, टिपून कोरडं करा, क्रीमचा अगदी पातळ थर लावा. टॅटूची सुई त्वचेच्या दुसऱ्या थरापर्यंत, साधारण १ ते २ मिलिमीटर जाते आणि जखम पृष्ठभागाला लागूनच असते. म्हणून हे सगळं काम करतं आणि लवकर करतं.

त्यानंतर सात आठवड्यांनी ती हेलिक्ससाठी आली. हेलिक्स म्हणजे कानाच्या वरच्या कडेला, कूर्चेतून (कानाला आकार देणाऱ्या लवचीक भागातून) आरपार केलेलं पिअर्सिंग. माझ्या सहकाऱ्याने तिला विचारलं, “झोपता कुठल्या कुशीवर?” ती म्हणाली, उजव्या. टोचायचा कानही उजवाच हवा होता, कारण भांग असा पडतो की तोच दिसतो. त्याने सांगितलं, त्या कानावर झोपायचं नाही, निदान सहा महिने. “सवय बदलेन दादा,” ती म्हणाली. त्याने टोचलं.

काम नीट झालं होतं. एकदाच वापरायची पोकळ सुई, एएसटीएम एफ-१३६ दर्जाच्या (म्हणजे शरीरात बसवायला चालणाऱ्या) टायटॅनियमचा मागून चपटा स्टड, १.२ मिलिमीटर जाडीची आणि ८ मिलिमीटर लांबीची दांडी. दांडी मुद्दाम लांब ठेवतात, सुजेला जागा हवी म्हणून. सूज उतरली की चार ते आठ आठवड्यांत ग्राहकाने परत येऊन आखूड दांडी बसवून घ्यायची असते. हे कागदावर लिहिलेलं होतं, पाचव्या ओळीत.

काय घडत गेलं

नवव्या दिवशी तिचा मेसेज आला: कान लाल आहे, थोडा सुजलाय, सकाळी पिवळसर खपली दिसते. काउंटरवरून उत्तर गेलं: “नॉर्मल आहे मॅडम, सलाईनने साफ करत रहा.” उत्तर बरोबर होतं. पहिल्या दोन आठवड्यांत लाली, सूज आणि लसीकेची (जखमेतून पाझरणाऱ्या पातळ द्रवाची) पांढरट-पिवळी खपली असतेच.

चोविसाव्या दिवशी दुसरा मेसेज: “खपली गेली, आता दुखत नाही. क्रीम बंद केलं तर चालेल का?” उत्तर: “हो मॅडम, नॉर्मल आहे, काही काळजी नाही.”

सत्तेचाळिसाव्या दिवशी फोटो आला. भोकाच्या मागच्या बाजूला डाळीच्या दाण्याएवढी गुलाबी गाठ. “हे काय आहे? केलॉइड का?” (केलॉइड म्हणजे वाढत जाणारा जखमेचा व्रण.) उत्तर: “नॉर्मल आहे मॅडम, होतं असं कूर्चेला. सलाईन चालू ठेवा.”

यानंतर तिने आम्हाला विचारणं सोडलं. इंटरनेटवर वाचून गाठीवर टी ट्री तेल लावलं, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. त्वचा आणखी चिडली. अठ्ठावन्नाव्या दिवशी तिने ठरवलं की दोष स्टडचाच आहे. तो काढला आणि घरातली एक रिंग घातली. रिंग कुठल्या धातूची होती हे तिला आजही सांगता येत नाही.

त्रेसष्टाव्या दिवशी रात्री साडेनऊला मेसेज आला: “ताई, कान गरम लागतोय, ठणकतोय, उशीला टेकवता येत नाही. काढून टाकू का?” सोबत फोटो. हा मेसेज तिने थेट मला पाठवला होता.

त्या रात्रीचा निर्णय

फोटोत दोन गोष्टी दिसल्या. कानाचा वरचा सगळा भाग लालभडक होता आणि त्याच्या घड्या सुजेने भरल्या होत्या. कानाची खालची मऊ पाळी मात्र नेहमीच्या रंगाची होती. मी डॉक्टर नाही, पण आमच्या धंद्यात हे चित्र ओळखता यायलाच हवं. पाळीत कूर्चा नसते. वरचा भाग पेटलेला आणि पाळी मोकळी असेल, तर संसर्ग कूर्चेच्या आवरणाला झाला असण्याची शंका घ्यावी लागते.

हे गंभीर का, ते सांगते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण भोवतालच्या पातळ आवरणातून होतं. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साठला तर तो पुरवठा तुटतो, कूर्चा मरते आणि कानाचा आकार कायमचा बिघडतो. अशा संसर्गात बऱ्याचदा स्यूडोमोनास हा जीवाणू सापडतो. तो ओलाव्यात वाढतो आणि कितीतरी नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही. म्हणजे औषधाच्या दुकानातून आणलेल्या कुठल्याही गोळीने भागत नाही.

माझ्यापुढे तीन रस्ते होते. पहिला, ‘सकाळी दुकानात ये, बघू’ म्हणायचं. आमची जवळजवळ प्रत्येक तक्रार याच रस्त्याने जायची, आणि काउंटरवरच्या मुलाला विचारलं असतं तर तोही हेच बोलला असता. दुसरा, ‘काढून टाक’ म्हणायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण संसर्ग असताना दागिना घरीच काढला की भोक वरून मिटू शकतं आणि आतला पू आतच अडकतो. तिसरा, लगेच डॉक्टरकडे पाठवायचं आणि दागिना ठेवायचा की काढायचा हे त्यांच्यावर सोडायचं.

मी तिसरा घेतला, आणि मेसेज न करता फोन केला. “रिंगला हात लावू नकोस. आत्ता कान-नाक-घसा डॉक्टर मिळत असतील तर आत्ता जा, नाहीतर इमर्जन्सीत दाखव. ताप आहे का? काल-परवा काय लावलंस कानाला?” या शेवटच्या प्रश्नाला तिने दिलेलं उत्तर या सगळ्या प्रकरणाची किल्ली ठरलं. तेल आणि पेरॉक्साइड सांगून झाल्यावर ती म्हणाली, “आणि सुरुवातीला क्रीम लावत होते ना, टॅटूचं, तुम्हीच दिलेलं.”

डॉक्टरांनी त्याच रात्री तपासलं. कूर्चेच्या आवरणाचा संसर्ग, पू साठलेला नाही. त्यांनी रिंग काढली, स्यूडोमोनासवर चालणारं प्रतिजैविक दिलं आणि सूज एका जागी मऊ लागली तर लगेच परत यायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी ठणका कमी झाला. दोन आठवड्यांत लाली गेली. कानाचा आकार शाबूत राहिला. भोक बुजलं आणि त्या जागी एक कडक गाठ उरली.

प्रश्न नेमका काय होता

पुढच्या दोन दिवसांत मी तिचे सगळे मेसेज पहिल्यापासून सलग वाचले. तोपर्यंत ते कोणीच सलग वाचले नव्हते.

चोविसाव्या दिवशीचा मेसेज पुन्हा बघा. ‘क्रीम बंद केलं तर चालेल का?’ पिअर्सिंगला क्रीम लावायचंच नसतं. ते भोकाच्या तोंडाशी बसतं, ओलावा आणि मळ धरून ठेवतं, हवा लागू देत नाही. म्हणजे ती तीन आठवड्यांहून जास्त काळ चुकीचं काही लावत होती आणि ते तिने स्वतः आम्हाला कळवलं होतं. ‘क्रीम? कुठलं क्रीम?’ एवढा एक प्रश्न आमच्याकडून जायला हवा होता. तो गेला नाही, कारण काउंटरवरचा मुलगा मेसेजचा सूर वाचत होता, शब्द नाही. ग्राहक घाबरलेली नाही, दुखत नाही, मग उत्तर ‘नॉर्मल’.

तिने क्रीम का लावलं? कारण आमच्याकडेच तिने ‘बरं होणं’ शिकलं होतं. टॅटूचा कागद आणि पिअर्सिंगचा कागद एकाच रंगाचे, एकाच आकाराचे, वर तेच चिन्ह. तिच्या घरी दोन्ही एकाच खणात होते. टॅटूच्या वेळी खपली पडली म्हणजे काम झालं, तीन आठवडे झाले म्हणजे जखम भरली. तेच वेळापत्रक तिने कानाला लावलं. चोविसाव्या दिवशी खपली नव्हती, दुखत नव्हतं, तेव्हा तिच्या हिशेबाने कान बरा झाला होता. म्हणून ती पुन्हा उजव्या कुशीवर झोपायला लागली आणि दांडी बदलायला आली नाही.

कूर्चेचं पिअर्सिंग पूर्ण बरं व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. ते दोन्ही टोकांकडून आत भरत जातं. बाहेरून स्वच्छ दिसतं तेव्हा मधला बोगदा अजून कच्चा असतो. त्यात सूज उतरल्यावर लांब दांडी सैल झाली, केसात अडकायला लागली, झोपेत तिरकी दाबली जाऊ लागली. सत्तेचाळिसाव्या दिवसाची गाठ अशी आली. ती केलॉइड नव्हती. केलॉइड जखमेची हद्द ओलांडून पसरत जातो. भोकाच्या अगदी तोंडाशी येणारी अशी गाठ बहुतेक वेळा घर्षणाने येते आणि कारण काढलं की बसते. त्या दिवशी तिला बोलावून आखूड, ६ मिलिमीटरची दांडी बसवली असती आणि झोपण्याचं विचारलं असतं, तर ती तेलापर्यंत गेली नसती असं मला खात्रीने वाटतं. ‘होतं असं कूर्चेला’ हे वाक्य खोटं नव्हतं. त्याने तिच्या हातात करण्यासारखं काहीच दिलं नाही, एवढंच.

आपल्याकडून जंतू गेले का?

हा प्रश्न दुकानात कोणाला आवडला नाही, पण मी तो टेबलावर ठेवला. टोचल्यापासून नऊ आठवडे झाले होते, मध्ये घरी दागिना बदलला होता, त्यामुळे संसर्ग सुईतून आला असण्याची शक्यता फार कमी. तरी आम्ही नोंदी काढल्या. त्या दिवशीची ऑटोक्लेव्हची (वाफेने अवजारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) फेरी, पाकिटावरची रंग बदललेली पट्टी, त्या महिन्याच्या बीजाणू चाचणीचा (यंत्र चिवट जंतूही मारतं का हे बघणाऱ्या चाचणीचा) निकाल, सगळं ठीक होतं.

मग मी २००० सालची ऑरेगनमधली घटना सहकाऱ्यांना सांगितली. अमेरिकेतल्या त्या राज्यात दागिन्यांच्या एका स्टॉलवर कानाची कूर्चा टोचून घेतलेल्या लोकांत स्यूडोमोनासचे ७ खात्रीचे आणि १८ संशयित रुग्ण सापडले होते. तोच जीवाणू तपासात मिळाला तो जंतुनाशकाच्या बाटलीत. जंतू मारायला ठेवलेल्या बाटलीतच जंतू.

आम्ही आमच्या फवाऱ्याच्या बाटल्या उघडल्या. आत शिल्लक असलेल्या द्रावातच नवा द्राव ओतायची सवय आम्हाला लागली होती. बाटली रिकामी करून, धुऊन, वाळवून भरायची आणि वर तारीख घालायची, हे कोणीच करत नव्हतं. या प्रकरणाशी त्याचा संबंध नसेलही. ती सवय त्याच दिवशी बंद केली.

जाहीर तक्रार आणि तिला उत्तर

दोन आठवड्यांनी तिने आमच्या पानावर लिहिलं. थोडक्यात असं: टोचणाऱ्याचा हात हलका आहे, जागा स्वच्छ आहे, पण मी तीनदा विचारलं आणि तीनदा कोणी कान न बघता उत्तर दिलं.

पहिलं उत्तर माझ्या सहकाऱ्याने लिहिलं. सूचना लेखी दिल्या होत्या, दांडी बदलायला त्या आल्या नाहीत, दागिना स्वतः बदलला, नको ते तेल लावलं. प्रत्येक वाक्य खरं होतं. मी ते जाऊ दिलं नाही, आणि त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, आपलं काम बदनाम होतंय आणि आपण गप्प बसायचं? माझं म्हणणं, एकतर ग्राहकाच्या दुखण्याचे तपशील आपण चारचौघांत मांडू शकत नाही, ते तिचे आहेत. दुसरं, ती टोचण्याविषयी तक्रार करतच नाहीये. ती विचारते आहे की तीनदा हाक मारल्यावर कोणी वळून का पाहिलं नाही, आणि त्याला तेल हे उत्तर नाही.

पैसे परत करून त्या बदल्यात तक्रार काढून टाकायला सांगावी, असाही पर्याय निघाला. तो मी लगेच मोडीत काढला. अटीवर परत केलेले पैसे म्हणजे तोंड बंद करण्याची किंमत. आणि पुढच्या ग्राहकाला ती तक्रार वाचायला मिळणं त्याच्या हिताचंच होतं.

शेवटी तीन वाक्यं लिहिली. तिचं म्हणणं खरं आहे, तिचा कान आम्ही वेळेवर पाहायला हवा होता, आणि आम्ही तिच्याशी बोलत आहोत. मग मी तिला फोन केला आणि ती दुकानात आली. माझा सहकारीही बसला, आधी नाखुशीने. आम्ही पिअर्सिंगचे पैसे आणि डॉक्टर-औषधांचा खर्च दोन्ही देऊ केलं, बिनशर्त. औषधांचा खर्च तिने घेतला. पिअर्सिंगचे पैसे नाही घेतले. “दादांनी टोचलं नीटच होतं,” ती म्हणाली. त्यानंतर तो पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला. तिनेही विचारलं, क्रीम नको हे मला तोंडी सांगितलं होतं का? त्याने आठवून पाहिलं. ‘सलाईन लावा’ हे सांगितल्याचं त्याला आठवत होतं. ‘क्रीम लावू नका’ हे सांगितल्याचं आठवेना.

आम्ही काय बदललं

सगळ्यात आधी कागद. पिअर्सिंगचा कागद आता वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या आकाराचा आहे. पहिली ओळ अशी: ‘तुम्ही टॅटू काढून घेतला असेल, तर त्याच्या सूचना इथे चालणार नाहीत.’ दुसरी ओळ क्रीमची, तिसरी वेळेची. मसुदा तिलाच वाचायला दिला होता. ‘सहा ते बारा महिने’ याच्या पुढे तिने पेनाने लिहून दिलं, ‘बाहेरून बरं दिसलं तरी’. ते तसंच छापलं.

दांडी बदलण्याची तारीख आता टोचल्या दिवशीच ठरते आणि तिचे वेगळे पैसे घेत नाही. पूर्वी ‘या कधीतरी महिन्या-दीड महिन्याने’ असं व्हायचं. ते ग्राहकाला ऐच्छिक वाटायचं, आणि वाटणारच.

मेसेजबाबत सगळ्यात जास्त डोकं लावावं लागलं. काउंटरवरच्या मुलाला दोष देऊन मोकळं होणं सोपं होतं, पण त्याला आम्ही कधी शिकवलंच नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच टाइप केलं असतं. आता तो स्वतः निदान करत नाही. तो विचारतो: किती दिवस झाले, कानाला काय काय लावता, कुठल्या कुशीवर झोपता, दागिना बदललाय का. दिवसाच्या उजेडातला पुढून आणि मागून फोटो मागवतो आणि पिअर्सरकडे देतो. पिअर्सरने फोटो पाहिल्याशिवाय ‘नॉर्मल’ हा शब्द जात नाही. एकच ग्राहक दुसऱ्यांदा विचारतो तेव्हा त्याला दुकानात बोलावतो. आणि ठणका, गरमपणा, पसरत जाणारी लाली, हिरवट पू, ताप यांपैकी काहीही असेल तर कोणाची वाट न पाहता डॉक्टरकडे पाठवायचं, हे त्याला एकट्याने ठरवायची मुभा आहे.

यात काम वाढलं, हे लपवत नाही. गर्दीच्या दिवशी सहकारी दोन ग्राहकांच्या मध्ये फोटो बघत असतो आणि वैतागतो. उत्तर उशिरा जातं, त्याचीही तक्रार येते.

वेगळं काय करता आलं असतं

चोविसाव्या आणि सत्तेचाळिसाव्या दिवसाबद्दल वर लिहिलंच आहे. त्यावर आमचं एकमत आहे. एका गोष्टीवर अजून नाही.

मला वाटतं, उजव्या कुशीवर झोपणाऱ्या मुलीचा उजवा कान त्या दिवशी टोचायलाच नको होता. झोपेतली सवय बदलेन हे कोणीही मनापासून म्हणतं, पण झोपेत मन कुठे असतं? डावा कान सुचवायचा, नाहीतर आठवडाभर डाव्या कुशीवर झोपून बघ आणि मग ये, असं सांगायचं. माझा सहकारी म्हणतो, असं केलं तर ती शेजारच्या कुठल्यातरी दुकानात गेली असती आणि तिथे सुईऐवजी गन (स्प्रिंगने स्टड घुसवणारं यंत्र) वापरून, न जाणो कसल्या धातूचा स्टड घातला गेला असता. गनचा बोथट स्टड कूर्चेतून जोराने घुसतो आणि तिला चिरडतो, गनचं प्लास्टिक ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाही, हे मलाही माहीत आहे. त्याचा मुद्दा मी खोडून काढू शकलेले नाही.

सध्या आम्ही मधला मार्ग धरला आहे. झोपायची बाजू आणि टोचायची बाजू एकच असेल तर तो मधोमध पोकळी असलेली उशी दाखवतो, कान पोकळीत ठेवून कसं झोपायचं ते सांगतो, आणि दोन आठवड्यांनी एकदा प्रत्यक्ष येण्याची अट घालतो. काही जण त्यावर डावा कान निवडतात.

ती मुलगी मागच्या महिन्यात आली होती, मनगटाच्या टॅटूला जोडून आणखी एक लहान रेघ काढून घ्यायला. निघताना तिने काउंटरवरचा कागद उचलला, रंग पाहिला आणि विचारलं, “हा टॅटूचाच ना?”